खेकड्याचा कारखाना आणि टीव्हीवरची मॉइरा

३ मार्च, सोमवार
मॉइरा आज हिरव्या कोटात! माझी नात, टोरोंटोच्या टीव्हीवर बाजाराच्या बातम्या सांगते. तिचे सात वाजतात तेव्हा आमच्या न्यूफाउंडलंडात साडेआठ — म्हणजे माझा दुसरा चहा. तेल वर, तांबं खाली — मला निम्मं कळत नाही, पण चेहरा बघत बसते. जरा वाळलीय.

हो, गंमत राहिलीच. खेकड्याच्या कारखान्यापुढे ट्रक, आणि उकळायच्या मोठ्या टाक्या त्यात चढवत होते. हंगाम महिन्यावर आलाय, टाक्या कुठे निघाल्या? तेवीस वर्षं तिथे खेकड्यांचे पाय तोडतेय, असं कधी पाहिलं नाही.

४ मार्च
मॅनेजर सिरिल पाइकला दुकानात गाठलं. "दुरुस्तीला गेल्यात, लोरेटा. घरी जा, मोजे विण." सगळ्यांसमोर! विणते की. विणताना डोकं मोकळंच असतं.

५ मार्च
मॉइराला फोन. आजीला ती नॅन म्हणते. "नॅन, कारखाना बंद होतोय असं तुला वाटतंय का?"
"वाटतंय कशाला? डोळ्यांनी बघितलं!"
तर म्हणे, आजीचं बोलणं धरत नाहीत. बाहेरच्या दोघांनी सांगावं लागतं, तेव्हा बातमी होते. आजीची किंमत शून्य! हसता हसता चहा सांडला.

पण हसण्यावारी नाही. पलीकडच्या खाडीतल्या कारखान्याची कामगारांची यादी चौदाला बंद होते. तिथे नाव घातलं की इथली जागा जाते. नाही घातलं आणि इथे टाळं लागलं, तर कामाचे तास भरणार नाहीत, मग हिवाळ्यात सरकारी भत्ता नाही. साठ बायका आहोत आम्ही.

७ मार्च
दुसरा ट्रक! शेजारच्या गर्टीला ओढत नेलं. ट्रकवर लांबलचक नाव. मी शाळा तिसरीत सोडली, असलं अवघड नाव वाचता येईना — म्हणून एकेक अक्षर चित्रासारखं कागदावर उतरवलं. "लवकर कर गं बाई, थंडीनं माझं नाक गळून पडेल," गर्टी म्हणाली. मॉइराला फोनवर अक्षरं सांगितली. तिनं लगेच कॉम्प्युटरवर शोधलं. मग — "नॅन, हे लोक जुनी यंत्रं विकत घेतात."

१० मार्च
यंत्रवाल्यानं टीव्हीवाल्यांना खरं सांगितलं, टाक्या विकल्यात! एक झाला. दुसरा बाकी.

१२ मार्च
कंपनीच्या मोठ्या ऑफिसनंही कबूल केलं, कारखाना बंद होतोय! सकाळी माझ्या स्वयंपाकघरात नऊ बायका. पिठाच्या चकत्या तळल्या, वर काकवी. साडेआठला आमच्या कारखान्याचं नाव आलं — पण सांगत होती दुसरीच, कुणी चष्मेवाली! "तुझी पोर कुठाय गं?" गर्टी म्हणाली, "काढलं की काय?"

फोन लावला. "मीच आमच्या वरच्या बाईंना सांगितलं, माझी आजी तिथे कामाला आहे. घरच्यांची बातमी आपण द्यायची नसते. मग पुढचे फोन त्या चष्मेवालीनं केले, बातमीही तिचीच."
"अगं, पण शोधलीस तू!"
"शोधलीस तू, नॅन. आधी नाव घालायला जा."

वेडी पोर. दिवसभर मान ताठ माझी.

१४ मार्च
यादीच्या रांगेत माझ्या पुढे सिरिल पाइक, हातात आमच्यासारखेच कामाचे रबरी बूट. चांगला सुनावणार होते. तोच म्हणाला, "मलाही दुरुस्ती असंच सांगितलं होतं, लोरेटा. टीव्हीवाल्या बाईनं फोन करून विचारलं, तेव्हा कळलं."