सत्तावीस टक्क्यांवर अडकलेली डिस्क

बाबा,

कॉम्प्युटर बंद करू नका. डिस्कची तपासणी सत्तावीस टक्क्यांवर अडकलेली दिसते, पण समोरचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे काम चालू आहे. खराब जागा लागली की तीच पुन्हा पुन्हा वाचली जाते, त्याला वेळ लागतो. दिवा विझला आणि आतून टकटक ऐकू आली, तरच बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. तुमच्या स्टुडिओचे सगळे फोटो त्यातच आहेत.

थापड मारू नका. टीव्हीवर मुंग्या आल्या की मारायचात, मिक्सर अडला की मारायचात, आणि ते चालू व्हायचं. म्हणून तुम्हाला तोच एक उपाय ठाऊक. आज सकाळी चालू कॉम्प्युटरला लाथ घातलीत, तिथेच डिस्क बिघडली. आई फक्त "जरा थांबा" म्हणाली, तर तिचं डोकं धरून टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलंत. तिथलं रक्त मी पुसलेलं नाही. तुम्ही पुसा.

टाके घातले की आईला मावशीकडे नेतेय. परत आणणार नाही. तुमचा हातोडाही नेतेय. तिकडे आलात तर दार मीच उघडेन.