आमची प्रार्थना ऐक

धाकट्या,

खोकत खोकतच घर सोडलंस, म्हणून आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत तुझं नाव घ्यायला मी फादरना सांगितलं. रविवारी त्यांनी ते चुकून मृतांच्या शांतीसाठी वाचलं. मी भर चर्चमध्ये ओरडले, "अहो, जिवंत आहे तो!"

तरी संध्याकाळी सेवामंडळाच्या बायका जेवणाचे डबे घेऊन सांत्वनाला दारात हजर! चूक झाल्याचं सांगितलं, तर एक म्हणाली, "हुश्श! मग शेवटचा फोन कधी आला गं त्याचा?"

मी घाईघाईनं डबे आत नेऊन ठेवले.

तुझा पत्ता ठाऊक नाही, हे पत्र उशाखालीच राहणार. म्हणून सांगते. तुझं नाव वाचलं तेव्हा, ओरडायच्या आधी, सवयीनं मीही सगळ्यांबरोबर म्हणून गेले, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

तेवढी त्यानं ऐकली नसेल ना रे?

तुझी घाबरट ताई