घुमटावरच्या रेघा

२ डिसेंबर
चंद्र एकदाचा मावळला! दहा दिवस तो आकाशातच फिरत होता, त्याच्या उजेडात चित्रं निघत नाहीत. आज आकाशाचा कॅमेरा पुन्हा सुरू. त्याच्यावरच्या घुमटाची काच दोनदा पुसली, वेळ लिहिली — ११.४० आणि १७.४०. सूर्य फेब्रुवारीतच येणार, त्यामुळे भर दुपारीही चित्रं निघतात.

४ डिसेंबर
विद्यापीठातून मार्गोचा फोन. "सायला, ऑक्टोबरपासूनच्या चित्रांवर समांतर रेघा आहेत. काच कशाने पुसतोस?"
"दिलेल्या फडक्याने," म्हणालो. खोटं! उणे चाळीसात फडक्याचं लाकूड होतं. मी कॅरिबू हरणाच्या कातड्याने पुसतो, केसाळ बाजूने. नियमात ते नाही.
नव्वद किलोमीटर उंचीवर हवा आपोआप मंद उजळते. खालून हवेच्या लाटा वर गेल्या की त्या उजेडात रेघा उठतात. मार्गो त्याच शोधते. "लाटा असत्या तर मी नाचले असते. पण हे पुसण्याचे ओरखडे दिसतात. शुक्रवारी ठरवू, चित्रं ठेवायची की टाकायची."
आणि मला?

५ डिसेंबर
जेवलो नाही.

६ डिसेंबर
बाबाला सांगितलं. आजीचं, म्हणजे त्याच्या आईचं, नाव मला दिलंय, म्हणून तो मला आईच म्हणतो. आईवर रागवायचं नसतं, म्हणून नुसते टोमणे. सील कापता कापता म्हणाला, "आई, दोन महिने काच पुसलीस, पण बघत कधी बसली नाहीस? बर्फातल्या भोकाशी सीलची वाट बघताना मी असं केलं असतं तर आपण उपाशी मेलो असतो!"
"बघून काय होणार?"
"ओरखडा जागा सोडतो का गं?"
मी एकेक चित्र तपासत होतो. दोन शेजारी कधी ठेवलीच नाहीत!

७ डिसेंबर
काचेला हात लावला नाही. १२.०५, १२.०६, १२.०७ — चित्रं ओळीने लावली. रेघा चालतात! सगळ्या ईशान्येकडे. तारे जवळजवळ जागच्या जागी.
मार्गोला सगळी चित्रं पाठवली. कातड्याचंही लिहिलं. खोटं बोललो, तेही. शाळा सातवीत सुटली, म्हणून शब्दन् शब्द चारदा तपासला.

८ डिसेंबर
शुक्रवार. उत्तर नाही. बाबा म्हणाला, "नोकरी गेली तर गेली, आई. मासे मी आणीन. तू फक्त खा."

९ डिसेंबर
मार्गोचं पत्र. लाटा खऱ्या! खोट्याबद्दल दोन कडक ओळी. कातडं वापर, पण नोंद कर.
आणि हे — माझ्याआधी हा कॅमेरा राखणाऱ्यांची आठ हिवाळ्यांची चित्रं याच रेघांपायी बाद केली होती. ती सगळी माझ्याकडे येताहेत. "कुठली रेघ चालते, ते तू सांग."