पेला उजवीकडे

तपासणीला आलेल्या बाईंना,

मरणपंथाला लागलेल्या माणसांची इथे सेवा कशी होते, असं तुम्ही काल मला विचारलंत. तेही मेट्रनबाईंच्या देखत! धन्य आहे तुमची. मी म्हटलं, "अगदी घरच्यासारखी."

खोटं बोलले. माझ्या बाबांचा उजवा हात लुळा आहे आणि पाण्याचा पेला कायम उजवीकडे. मी निघताना डावीकडे ठेवते. सकाळी बघावं तर परत उजवीकडे, काठोकाठ भरलेला आणि बाबांचे ओठ कोरडे. एकदा तक्रार केली, तर दोन दिवस त्यांची चादर बदलली नाही. तेव्हापासून मी गप्प.

बाबा इथल्या लोकांच्या हातात आहेत तोवर हे पत्र पर्समध्येच राहील. ते गेले की त्याच दिवशी पोस्टात टाकेन.

आणि तरी रोज पायऱ्या चढताना म्हणते, आज नको.

तुमच्याकडे बघून हसलेली,
सात नंबरच्या खाटेवरच्यांची मुलगी