दिलीपमधली दीर्घ ली

६ जाने., सोम.
साकोली स्टँडवर पोलीस एकेकाचा चेहरा मोबाइलवर टिपत होते. माझ्यापाशी थांबले. नागपुरातल्या दुकानफोडीतल्या माणसाशी माझा चेहरा जुळतो म्हणे. हवालदार म्हणाला, "तूच आहेस बे." फोटो दाखवला. अंधूक, वरून काढलेला. नाक माझंच. पण मान डावीकडे कललेली.
दिलीपदादा तसा उभा राहायचा.
माझं नाव, पत्ता, पुन्हा फोटो घेऊन सोडलं. "बोलावलं का ठाण्यात याचं."

७ जाने.
फ्लेक्सच्या दुकानात लक्ष नव्हतं. मालक म्हणाले, "नववी नापास, पण शुद्धलेखन पक्कं म्हणून ठेवलं तुले. आज 'हार्दिक'च चुकला बे?"
दादा घरातून गेला त्याला चार वर्षं झाली. जिवंत आहे. चोर आहे. दोन्ही एकाच फोटोत कळलं.
तो मी नाही, हे पटवायचं तर तो कोण हे सांगावं लागेल.

९ जाने.
आईला सांगितलं. नको होतं सांगायला. चोरीचं तिने विचारलंच नाही.
"वाळला होता का रे?"

१० जाने., शुक्र.
आई ऐकेना, फोटो बघायचाच म्हणे. फक्त बघ, बोलू नको, असं बजावून ठाण्यात नेलं. "जयभीम साहेब" म्हणाली आणि फोटो दिसताच पदराने स्क्रीन पुसू लागली.
"हा माया पोरगा, दिलीप. एवढ्या थंडीत स्वेटर नाही घातला पोट्ट्यानं."
हवालदार हसला. "मावशी, तुमाले तं कोणताबी पोरगा दिलीपच दिसन." तरी टाइप करू लागला. दिलिप.
"साहेब, ली दीर्घ."
तोंडून निघून गेलं. दुकानात दिवसभर हेच म्हणत असतो.
त्याचं हसणं थांबलं. "मंजे खरंच भाऊ आहे तुया."
त्याने ली दीर्घ केली.

१५ जाने.
ठाण्यात गेलो. आता माझा फोटो तरी काढून टाका म्हणालो.
"राहू दे. तुयाच चेहऱ्यानं सापडन तो."
घरी येईपर्यंत तोंडाला दुपट्टा बांधून होतो.

१९ जाने., रवि.
आईने दादाचा स्वेटर उन्हात टाकला आहे. आज पुन्हा विचारलं, "सापडला का?"
नाही म्हणालो. तिचं तोंड उतरलं. दादा अजून हाती लागला नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि मग बाहेर पडताना पुन्हा तोंडाला दुपट्टा बांधला.