ईशान्य कोपऱ्यातले तीन खड्डे

॥ श्री ॥
स्लायगो (आयर्लंड), ३० एप्रिल २०१२

ती. सौ. उर्मिलावन्सं यांस,
धाकट्या भावजयीचा, प्रभाचा, साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. चांदीचं कासव एक, चांदीचा नाग एक, सुपाऱ्या अकरा (एक फुटकी निघाली, ती मी खाल्ली), हळदकुंकू आणि गंगेची कुपी. माल सातशे ऐंशीचा आणि टपाल अकराशे चाळीस! वहीत मांडताना हात अडखळला, पण पुढे 'शुभकार्य' असं लिहून टाकलं. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना? माझे गुडघे बरे आहेत, बाकी सगळी गारठले आहे.

तर झालं असं. हर्षवर्धनने गावाबाहेर अर्धा एकर पाहून ठेवलाय. मंदीने इथल्या जागा उतरल्यात, पण मालकाशी बोली अशी की माती पास झाली तरच व्यवहार. (मॅट्रिकची परीक्षा मी दिली, मातीची परीक्षा प्रथमच ऐकली.) माती नापास तर घर नाही, आणि घर नाही म्हणजे आपले देव भाड्याच्या घरात प्रेसमध्येच (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), इस्त्रीला टेकून. नव्या घरात त्यांना पूर्वेची खोली द्यायचं सूनबाईने आपणहून कबूल केलंय, म्हणून माझा जीव त्या मातीत अडकलेला.

अशात हर्ष म्हणाला, मंगळवारी माणूस येऊन खड्डे खणणार. मंगळवारी अक्षय्य तृतीया! पोराने भूमिपूजनाचा मुहूर्त लक्षात ठेवला म्हणून मला भरूनच आलं, पुढचं काही विचारलंच नाही. निवेदिताला म्हटलं, मला नुसती जागा दाखव. ती ऑफिसच्या फोनवर बोलत गाडीतच बसली (वारा असा की पदर खांद्यावर ठरेना), मी पिशवी घेऊन उतरले. बघते तर एक पुरुषभर खोल खड्डा, तो मी विहिरीचा धरला. आणि उताराच्या तळाशी तीन लहान, चौकोनी, पाटासारखे रेखीव खड्डे. ईशान्येलाच! (सूर्य नव्हता, दिशा अंदाजाने घेतली.) मधल्यात कासव, नाग, सुपाऱ्या आणि नारळ, बाजूच्या दोहोंत पंचामृत, सगळीकडे हळदकुंकू. मग रीतीप्रमाणे तिन्ही बुजवले, चांगले दाबले, वर स्वस्तिक काढलं आणि खड्या आवाजात आरती म्हटली. कुंपणापलीकडच्या गाई उभ्या राहून ऐकत होत्या.

तेवढ्यात पाण्याची टाकी ओढत डेक्लन आला, म्हणजे मातीचा परीक्षक, खड्डे खणून पाणी आणायला गेलेला. खड्ड्यांत पाणी ओतायचं आणि ते किती वेळात मुरतं ते मोजायचं, हीच ती परीक्षा. आणि परीक्षेचे खड्डे मी पंचामृतासकट बुजवलेले. निवेदिता धावत आली, "अहो आई, हे काय केलंत!" डेक्लनने टोपी मागे सारली, म्हणाला, "ग्रँड (म्हणजे इथलं 'काही हरकत नाही'). माझ्या आईने आमच्या घराच्या पायाभरणीत मेरीमातेचं पदक पुरलं होतं. तिनेही इंजिनिअरला विचारलं नव्हतं." मग कासव-नाग उकरून, रुमालाने पुसून माझ्या हातात ठेवले (नारळ त्याने मागितला नाही, मी दिला) आणि शेजारी नवे खड्डे खणले. दुसऱ्या दिवशी पाणी ना घाईने ना आळसाने, जसं मुरावं तसं मुरलं. माती पास! आता कौन्सिलची परवानगी तेवढी राहिली, तीही देव देईल. त्यालाच खोली हवी आहे. निकाल सांगायला आला तेव्हा डेक्लनने त्याच्या आईने पाठवलेलं एक पदक दिलं, तुमच्या घराच्या पायात टाका म्हणून.

सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद.

आपली,
प्रभा

ता. क. काल हर्षला सहज विचारलं, की मुरायचं ते पाणी कसलं? तर गावाबाहेर गटार नाही, म्हणून संडास-मोरीचं. घर वर, उताराच्या माथ्यावर. म्हणजे मी आरती कुठे म्हटली ते तुम्हीच समजा. तरी गुरुजींना विचारा, हीच जोडी गोमूत्राने धुऊन खऱ्या पायाला चालेल ना? नवी हवी म्हणाले तर पुन्हा विचारा. जागा कसली होती ते सांगू नका, नुसतं 'दिशा चुकली' म्हणा.

ता. क. २. कासवाशेजारी मेरीमातेचं पदक ठेवलं तर चालेल का, हे मात्र विचारू नका. ते मी ठेवणारच आहे. बाकीचं उलटटपाली कळवा.