नजर आधी कोणाची वळली

प्रिय खारूताई,

दुपारचे सव्वादोन झाले आहेत. तुझे बाबा आत झोपले आहेत, साडेतीनला उठतील. एक पँट आखूड करायला घेतली आहे. एक पाय शिवून दुसरा मशीनच्या सुईखाली ठेवला आहे, म्हणजे ते मधेच उठून आले तर मला पायडल मारता येईल. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा फोन रविवारी अकराला येतो. बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि पेपर घेऊन समोर बसतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, लेकीचा आवाज त्यांनाही ऐकायचा असतो. पण मला बटणबद्दल लिहायचं आहे, आणि ते त्यांच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही.

मागच्या थंडीत तू स्वेटर पाठवलास. त्याच्या डाव्या बाहीत चिठ्ठी होती. खोली रिकामी आहे, कधीही ये, कायमची ये. ती चिठ्ठी मी बॉबिनच्या डबीत ठेवली आहे, दोऱ्यांखाली. तिचं उत्तर मी तुला फोनवर दिलं, तुला कळलं असेलच. तू आपली सहज विचारल्यासारखं म्हणालीस, येतेस का चार दिवस? मी म्हणाले, बटणला टाकून कुठे येऊ बाई? तुझ्या इमारतीत कुत्री चालत नाहीत, हे तिघांनाही माहीत आहे. बाबांनी पेपरचं पान उलटलं. विषय संपला. सहा वर्षं हा विषय असाच संपतो आहे.

तू बटणला इथे ठेवून गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, महिन्याभरात घेऊन जाते. मी तुला दोष देत नाही. खरं सांगायचं तर, तू नेली असतीस तर माझी पंचाईत झाली असती.

बाबांनी चौतीस वर्षं बसमधे तिकिटं तपासली. त्यांचं म्हणणं तुला पाठ आहे: तिकीट काय बघायचं, डोळे बघायचे, ज्याच्याकडे नसतं तो खिडकीबाहेर बघतो. एकदा त्यांनी एका बाईला भर रस्त्यात खाली उतरवलं. ती रडत होती म्हणून बाहेर बघत होती, तिकीट तिच्या मुठीतच होतं. हा किस्सा ते हसत सांगायचे आणि आपणही हसायचो. निवृत्त झाले, पण बस काही सुटली नाही. आजही मी चप्पल घातली की आतून आवाज येतो, कुठून कुठे? तू लहान असताना तो खेळ होता. बाथरूममधून स्वयंपाकघरात, असं म्हणून तू तळहात पुढे करायचीस आणि ते त्यावर बोटाने पंच मारायचे. मी अजूनही सांगते. घरातून वाण्याकडे, वाण्याकडून घरी, वीस मिनिटं. पंचवीस झाली तर ते रागावत नाहीत. नुसते बघतात. दाराला कधी कुलूप नव्हतं ग. असतं तर किल्ली तरी शोधली असती.

आता चष्म्याचं सांगते. हे मला सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. बाबांचा नवा चष्मा कोचाखाली मोडलेला सापडला, ती सकाळ तुला आठवत असेल. बाबांनी आपल्या तिघींना रांगेत उभं केलं. तुला, मला आणि बटणला. तुला हसू आलं होतं. त्यांनी तुझ्या डोळ्यांत बघितलं, माझ्या डोळ्यांत बघितलं, मग बटणसमोर उकिडवे बसले. ती त्यांच्याकडे बघेना. तोंड भिंतीकडे वळवलं, कान मागे पाडले, जिभेने नाक चाटलं. डोळ्यांचा पांढरा भाग तेवढा दिसत होता. बाबा म्हणाले, झालं, सापडली. दोन दिवस ती बाल्कनीत होती. तू भांडलीस, जेवण सोडलंस. ही काय बसमधली प्रवासी आहे का, म्हणालीस. शेवटी असं काहीतरी बोललीस की ते परत घेता येईना, आणि पंधरा दिवसांत तुझी बॅग दारात होती.

चष्मा माझ्या पायाखाली आला होता. केर काढताना. मीच तो कोचाखाली सरकवला. वाटलं, संध्याकाळी सांगू. आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. पापणी हलली नाही. एवढ्या वर्षांत मी काय शिकले असेन तर ते हे. खरं बोलताना माझी नजर इकडेतिकडे जाते, खोटं बोलताना ती स्थिर असते. तू गेलीस त्या दिवशी मी बॅगेची चेन लावून दिली आणि तेव्हाही गप्प राहिले.

तू गेल्यावर बटणने अन्न टाकलं, म्हणून मी तिला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. (घरातून दवाखान्यात, दीड तास.) मी त्यांना म्हटलं, ही लबाड आहे, नजर चुकवते. बाई हसल्या. म्हणाल्या, काकू, कुत्र्याला चोरी कळत नाही, तुमचा चेहरा कळतो. कुणी रोखून बघत अंगावर आलं तर ते तोंड फिरवतं. त्याचा अर्थ, मी केलं असा नाही. त्याचा अर्थ, भांडण नको. मी विचारलं, मग ती माझ्याकडे तासन् तास बघत बसते ते काय? त्या म्हणाल्या, तेव्हा तिचं अंग कसं असतं? मी म्हटलं, सैल असतं. डोळे बारीक, मान पंजावर. त्या म्हणाल्या, मग तुम्हीही बघा की. रोखून नाही. बघायचं, हळूच पापणी मिटायची, जरा बाजूला बघायचं, मग परत. तिला बरं वाटेल.

घरी येऊन मी तसं करून बघितलं. ती मशीनखाली, माझ्या पायापाशी. एक शिवण झाली की मी खाली बघायची, डोळे मिटायची, उघडायची. तिसऱ्या दिवशी तिनेही मिटले. हसशील, पण मी मशीन सोडून खाली तिच्यापाशी जाऊन बसले. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, आणि काहीही शोधून काढायचं नसताना कुणी माझ्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. चष्म्याचंही तिला सांगितलं. ती बघत राहिली. मग जांभई दिली.

बाबांना ते आवडत नसे. काय बघता एकमेकींकडे, काही कट चाललाय का, असं म्हणायचे. कधी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे आणि टक लावायचे. ती तोंड फिरवायची. हरली, म्हणायचे. त्यांना दुसरं बघणं येतच नाही, हे मला तेव्हा नीट दिसलं. पण ते दिसून मी काय करणार होते?

गेल्या वर्षभरात तिची मूत्रपिंडं थकली. तू फोनवर विचारायचीस, जेवली का? मी कधी हो म्हणायची, कधी अर्धी वाटी. ते सगळं खरं होतं. मग एका मंगळवारी तिला उठताच येईना. बाबांनी तिला चादरीत गुंडाळलं आणि तीन मजले स्वतः उचलून खाली नेलं. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. प्रत्येक जिन्यावर थांबत होते, पण मला हात लावू देईनात. दवाखान्यात टेबलावर बाईंनी शेवटची सुई भरली. मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. ती बाबांकडे बघत होती. सैल, बारीक डोळ्यांनी, मान पंजावर. बाबा नेहमीसारखे टक लावून होते. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी पापण्या मिटल्या, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे कान लाल झाले होते. बटण त्यानंतर गेली.

खारूताई, याला अकरा आठवडे झाले.

त्या रविवारी तू विचारलंस, बटण काय म्हणते, जेवली का? मी सांगणार होते. शब्द तोंडाशी होते. आणि मला एकदम दिसलं, की मी सांगितलं की तू पुढचा प्रश्न विचारशील. मग आता येतेस ना? मी म्हणाले, जेवली. बाबांनी पेपरवरून वर बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं, चष्म्याच्या दिवसासारखं. आणि त्यांनी नजर खाली नेली. ज्या माणसाने चौतीस वर्षं कुणाला सोडलं नाही, त्याने मला सोडलं.

पुढच्या रविवारी मी नुसतं हो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी मी अडखळले, तर पेपरमागून आवाज आला, सांग तिला, आज पूर्ण वाटी संपवली. तू म्हणालीस, अरे वा, बाबा लक्ष ठेवतात वाटतं! तू हसलीस. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून ते सांगतो. फोनवर आम्ही तुला सांगितलंय, तिने कबुतर पाहिलं, तिचे केस गळताहेत, तिला ऊन आवडतं. या घरात आम्ही दोघांनी मिळून केलेलं असं दुसरं काही मला आठवत नाही. मशीनखाली तिची वाटी अजून आहे. तिच्यातलं पाणी रोज ताजं असतं. मी बदलत नाही.

आता मला यातून उठता येत नाही. पूर्वी त्यांच्या बघण्याने मी खिळले होते. आता ते बघत नाहीत, म्हणून. रात्रंदिवस वाटतं, ते नजर वळवतात ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्या अर्थाने का. भांडण नको, जाऊ नको, असं. की त्यांनाही ठाऊक आहे, की बटण जिवंत आहे तोवर ही दारातून बाहेर पडणार नाही, आणि म्हणून ते पाणी बदलतात? मला खरंच कळत नाही. काल सकाळी वाण्याकडून येताना जिन्यात एक मांजरीचं पिल्लू दिसलं, आणि मी त्याच्यासमोर बसून विचार करायला लागले की हे घरी नेलं तर. तेवढ्यात उठले. जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. नवं कारण शोधायला निघाले होते मी.

म्हणून हे पत्र. तुला बोलवायला नाही, आणि मी येते असं वचन द्यायलाही नाही, तेवढी माझी छाती अजून नाही. एवढंच, की हे तुझ्या हातात पडलं की रविवारी मला जेवली म्हणता येणार नाही. तू बटणचं विचारू नकोस. तू विचार, कधी निघतेस. स्पीकरवर, मोठ्याने, बाबांसमोर. मी गप्प राहिले तर पुन्हा विचार. साडेतीन वाजत आले, आत पलंग वाजला. मी पत्र चिकटवून चप्पल घालणार आहे. ते विचारतील, कुठून कुठे? मी सांगेन, घरातून टपालपेटीपर्यंत, खारूताईला सगळं लिहिलंय. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघणार नाही.

तुझीच,
आई